मोटारगाडीच्या एंजिनाचे शक्तिमापन

मोटारगाडीचे एंजिन एकक काळात किती कार्य करते, म्हणजेच त्याची शक्ती किती, हे प्रत्यक्ष चाचणी घेऊन ठरविण्याच्या क्रियेस एंजिनाचे शक्तिमापन म्हणतात. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या साधनास शक्तिमापक अथवा डायनॅमोमीटर असे नाव आहे. गाडीच्या माहितीपत्रकात छापलेली अश्वशक्ती ही बहुधा उत्पादकाने स्वतः घेतलेल्या अथवा घेवविलेल्या चाचणीतून आलेली असते. गाडी जशी कारखान्यातून बाहेर पडली तशाच स्थितीत, कोणताही फेरफार न करता, उत्पादकाशी संबंध नसलेल्या व्यक्तीने वा संस्थेने तिची शक्ती मोजणे याला स्वतंत्र शक्तिमापन म्हणतात. अशा मापनाचा इतिहास पाहिला असता घोषित आकडे कधी वास्तवाहून जास्त, तर कधी हेतुपुरस्सर कमी असल्याचे दिसून येते. टर्बोचार्जर बसविलेल्या वेगवान गाड्यांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष तीव्र झाला. साध्या एंजिनात सिलिंडरांच्या एकूण घनफळावरून शक्तीचा ढोबळ अंदाज बांधता येतो. टर्बोचार्जर असलेल्या एंजिनाची शक्ती मात्र हवा किती दाबाने आत भरावयाची या नियंत्रकातील ठरावावर अवलंबून असते आणि हा ठराव बाहेरून दिसत नाही.

एकक व प्रारंभीची साधने : अश्वशक्ती हे एकक जेम्स वॉट (१७३६–१८१९) यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस रूढ केले. वाफ एंजिन विकत घेणाऱ्यास ते किती घोड्यांचे काम करील हे कळावे, हा त्यामागील हेतू होता. म्हणजे हे एकक प्रारंभापासूनच ग्राहकाला द्यावयाच्या आश्वासनाशी निगडित आहे. मिनिटाला ३३,००० फूट-पौंड कार्य म्हणजे एक अश्वशक्ती, ही ७४५.७ वॉट भरते. यूरोप व जपान येथे रूढ असलेली मेट्रिक अश्वशक्ती मात्र ७३५.५ वॉट असते. त्यामुळे एकाच एंजिनाचा आकडा दोन देशांत थोडा वेगळा छापला जातो.

फिरत्या दंडाची शक्ती मोजण्याचे सोपे साधन गास्पार द प्रॉनी (१७५५–१८३९) या फ्रेंच अभियंत्यांनी १८२१ मध्ये तयार केले. दंडावरील चाकाला लाकडी ठोकळ्यांनी आवळून धरावयाचे आणि त्या घर्षणामुळे एका लांब तरफेच्या टोकाशी निर्माण होणारी प्रेरणा वजनाने तोलावयाची, अशी त्याची रचना होती. प्रेरणा व तरफेची लांबी यांचा गुणाकार म्हणजे परिबल. परिबल व फेऱ्यांची गती यांवरून शक्ती काढता येते. उदा., मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या दंडाचे परिबल २०० न्यूटन-मीटर असल्यास त्याची शक्ती सु. ६२.८ किलोवॉट होते. ब्रेक लावून मोजलेली म्हणून या शक्तीला ‘ब्रेक अश्वशक्ती’ हे नाव मिळाले व ते अजूनही टिकून आहे. घर्षणाने ठोकळे तापून जळत असल्याने मोठ्या एंजिनांना ही रीत गैरसोयीची होती. विल्यम फ्रूड (१८१०–७९) यांनी १८७७ मध्ये ब्रिटिश नौदलासाठी पाण्याच्या रोधावर चालणारा शक्तिमापक योजिला. त्यात एंजिनाची ऊर्जा पाण्यात उष्णतेच्या रूपाने जिरते व रोध सुरळीतपणे कमीजास्त करता येतो. पुढे विसाव्या शतकात आवर्त विद्युत् प्रवाहांवर आधारलेले आणि जनित्रासारखे चालणारे शक्तिमापकही प्रचारात आले.

साधने उपलब्ध असूनही मोजलेला आकडाच सर्वत्र वापरात होता असे नाही. ब्रिटनमध्ये १९१० च्या सुमारास कर आकारणीसाठी सिलिंडराचा व्यास व सिलिंडरांची संख्या एवढ्यांवरूनच अश्वशक्ती काढण्याचे सूत्र स्वीकारण्यात आले. त्यात दट्ट्याच्या धावेची लांबी विचारात घेतलेली नव्हती. साहजिकच उत्पादकांनी बारीक व्यासाची व लांब धावेची एंजिने बनविली. ‘ऑस्टिन सेव्हन’ या प्रसिद्ध गाडीच्या नावातील सात हा अंक कराच्या अश्वशक्तीचा होय. तिच्या एंजिनाची खरी शक्ती त्याहून अधिक होती. ही करपद्धती १९४७ पर्यंत चालू होती. आकड्यावर पैसा अवलंबून असला की, यंत्र आकड्याला अनुरूप घडविले जाते, हे या प्रकरणावरून प्रथमच ठळकपणे दिसून आले.

टर्बोचार्जरचा उदय : एंजिनातून बाहेर पडणाऱ्या निष्कास वायूंमध्ये पुष्कळ ऊर्जा वाया जाते. तिच्यावर एक लहान टरबाइन फिरवून, त्याच दंडावरील संपीडकाने आत जाणारी हवा दाबून भरली, तर तेवढ्याच सिलिंडरांत अधिक इंधन जाळता येते. या कल्पनेचे एकस्व (पेटंट) स्विस अभियंते आल्फ्रेट ब्यूखी (१८७९–१९५९) यांनी १९०५ मध्ये घेतले. पहिल्या महायुद्धाच्या काळात उंचावरील विरळ हवेत विमानांच्या एंजिनांची शक्ती घटत असल्याने तिकडे विशेष लक्ष गेले. अमेरिकेत सॅनफर्ड मॉस (१८७२–१९४६) यांनी १९१८ मध्ये कोलोरॅडो राज्यातील पाइक्स पीक या सु. ४,३०० मी. उंचीच्या शिखरावर ‘लिबर्टी’ हे विमानाचे एंजिन शक्तिमापकासह नेऊन चाचण्या घेतल्या. समुद्रसपाटीला ३५० अश्वशक्तीचे असलेले हे एंजिन शिखरावर सु. २३० अश्वशक्तीच देत होते. टर्बोचार्जर जोडल्यावर ते ३५६ पर्यंत पोहोचले. दावा ज्या परिस्थितीविषयी आहे त्याच परिस्थितीत जाऊन मापन करण्याचे हे एक उत्तम उदाहरण होय.

विक्रीच्या मोटारगाड्यांत टर्बोचार्जर १९६२ मध्ये अमेरिकेत आला. त्या वर्षीच्या ‘ओल्ड्समोबिल जेटफायर’ या गाडीच्या २१५ घन इंच एंजिनाची शक्ती २१५ अश्वशक्ती घोषित करण्यात आली होती. यूरोपात ‘बीएमडब्ल्यू २००२ टर्बो’ (१९७३) आणि ‘पोर्श ९११ टर्बो’ (१९७४) या गाड्यांनी असे एंजिन वेगवान गाड्यांच्या वर्गात रुजविले. त्यानंतरच्या दशकात इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आल्यावर भरणदाब, इंधनाचे प्रमाण व ठिणगीची वेळ या तिन्ही गोष्टी एका लहान संगणकाच्या हाती गेल्या.

ढोबळ व निव्वळ शक्ती : एंजिन गाडीतून काढून, त्यावरील हवा गाळणी, पंखा, जनित्र, निष्कास नळी व ध्वनिशामक यांचा भार दूर करून मोजलेली शक्ती म्हणजे ढोबळ शक्ती. ही सर्व उपांगे जोडून, एंजिन गाडीत जसे चालते तसे चालवून मोजलेली ती निव्वळ शक्ती. अमेरिकेत १९७१ पर्यंत ढोबळ शक्ती छापण्याची प्रथा होती, तर जर्मनीत निव्वळ शक्तीचे मानक आधीपासून वापरात होते. १९७२ पासून अमेरिकी उत्पादक निव्वळ आकडे देऊ लागले. ‘शेव्हरोले कॉर्व्हेट’ या गाडीच्या मूळ एंजिनाचा १९७१ मधील २७० हा ढोबळ आकडा १९७२ मध्ये २०० निव्वळ असा झाला. यांपैकी थोडी घट एंजिनातील बदलांमुळे, परंतु बहुतेक घट केवळ मापनाची रीत बदलल्यामुळे झाली होती. म्हणून जुन्या व नव्या गाड्यांच्या आकड्यांची सरळ तुलना करणे चुकीचे ठरते.

चाकांवरील मापन : एंजिन गाडीतून काढून शक्तिमापकावर चढविणे ग्राहकाला किंवा नियतकालिकाला परवडणारे नसते. त्यामुळे स्वतंत्र मापनासाठी गाडी जशीच्या तशी रुळांवर उभी करून तिच्या चालक चाकांची शक्ती मोजण्याची पद्धत रूढ झाली. हिचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात रुळांना विद्युत् अथवा जलीय रोध देऊन गाडी स्थिर वेगाने ओढत ठेवतात. दुसऱ्यात रोध नसतो. जड रूळ एंजिनाने किती झपाट्याने फिरविले, यावरून निरूढीच्या साहाय्याने शक्ती काढतात. हा प्रकार स्वस्त व सुटसुटीत असल्याने विसाव्या शतकाच्या अखेरीस खाजगी कार्यशाळांत मोठ्या प्रमाणावर पसरला.

निरूढी पद्धतीचे गणित एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. रुळाची निरूढी त्याच्या पृष्ठभागावरील १,२०० किग्रॅ. वस्तुमानाइतकी आहे, पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ४० मी. (ताशी १४४ किमी.) आहे आणि त्या क्षणी प्रवेग सेकंदास दर सेकंदाला ३ मी. आहे, असे मानू. तर प्रेरणा ३,६०० न्यूटन व शक्ती १४४ किलोवॉट येते. ही चाकांवरील शक्ती झाली. एंजिनाच्या भुजादंडापासून चाकांपर्यंत येताना दंतचक्रे, धारवे व टायर यांत काही शक्ती खर्ची पडते. हा व्यय १० टक्के धरल्यास एंजिनाची शक्ती १६० किलोवॉट ठरते, तर २० टक्के धरल्यास १८०. म्हणजे केवळ गृहीतकामुळे २० किलोवॉटचा फरक पडतो. चारही चाके चालविणाऱ्या गाडीत व्यय सामान्यतः आणखी जास्त असतो. सर्व गाड्यांना लागू पडेल असा एकच टक्का नाही. म्हणून काळजीपूर्वक केलेल्या चाचणीत क्लच दाबून रूळ मंदावू देतात व व्यय स्वतंत्रपणे मोजतात, किंवा निष्कर्ष चाकांवरील शक्तीपुरताच मर्यादित ठेवतात.

टर्बो गाडीच्या मापनातील अडचणी : हवा विरळ झाली की, साध्या एंजिनाची शक्ती त्या प्रमाणात घटते. समुद्रसपाटीच्या मानाने हवेचा दाब पुणे येथे सु. ६ टक्क्यांनी व महाबळेश्वर येथे सु. १५ टक्क्यांनी कमी असतो. यासाठी मोजलेला आकडा ठराविक तापमान, दाब व आर्द्रता यांना अनुसरून दुरुस्त करतात. अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेचे जुने मानक १५.५° से. तापमान व समुद्रसपाटीचा दाब धरीत असे. नंतरचे मानक २५° से. व ९९ किलोपास्काल कोरड्या हवेचा दाब धरते. केवळ या बदलाने आकड्यात सु. ४ टक्के फरक पडतो.

टर्बोचार्जर असलेले एंजिन मात्र विरळ हवेतही संपीडक अधिक वेगाने फिरवून ठरलेला दाब बऱ्याच अंशी राखते. अशा एंजिनाच्या आकड्याला साध्या एंजिनाची दुरुस्ती लावली, तर मुळात न घटलेली शक्ती आणखी वाढवून दाखविली जाते. याशिवाय दाबल्यामुळे तापलेली हवा थंड करणाऱ्या आंतरशीतकाला रस्त्यावर वेगाने वारा मिळतो, तर बंद खोलीत पंख्यावर अवलंबून राहावे लागते. लागोपाठ चाचण्या घेतल्यास हवा तापून ठोके बसू लागतात व संगणक ठिणगी उशिरा पाडून शक्ती उतरवितो. इंधनाच्या ऑक्टेन क्रमांकाचाही असाच परिणाम होतो. हलक्या रुळावर एंजिन फार लवकर वेग घेते व टर्बोचार्जरला पूर्ण दाब उभारण्यास वेळ मिळत नाही. जड रोध दिल्यास तोच दाब लवकर व पूर्ण मिळतो. त्यामुळे रुळाचा प्रकार, दुरुस्तीची रीत, हवेचे तापमान, इंधन आणि चाचण्यांची संख्या यांचा निर्देश नसलेला आकडा स्वतंत्र असला, तरी विश्वसनीय ठरत नाही.

जपानमधील २८० अश्वशक्तीची मर्यादा : घोषित आकडा हेतुपुरस्सर कमी ठेवल्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जपानमधील आहे. त्या देशात १९८८ मध्ये रस्ते अपघातांतील मृत्यूंची वार्षिक संख्या दहा हजारांपलीकडे गेली. वेगवान गाड्यांवर शासनाकडून निर्बंध येण्याची शक्यता दिसू लागल्यावर मोटार उत्पादकांनी आपसांत संकेत ठरविला की, देशात विकल्या जाणाऱ्या कोणत्याही मोटारगाडीची घोषित शक्ती २८० मेट्रिक अश्वशक्तीहून (सु. २०६ किलोवॉट) अधिक असू नये. १९८९ मधील ‘निसान फेअरलेडी झेड’ या दोन टर्बोचार्जरच्या गाडीचा हा आकडा होता. हा कायदा नव्हता, केवळ संकेत होता. आणि तो शक्तीविषयी नसून घोषणेविषयी होता, हे पुढे स्पष्ट झाले.

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या याच गाडीच्या एंजिनाची शक्ती ३०० अश्वशक्ती घोषित होती. ‘निसान स्कायलाइन जीटी-आर’ या गाडीच्या तीन आवृत्त्या १९८९, १९९५ व १९९९ मध्ये आल्या. तिघींत २,५६८ घ. सेंमी.चे सहा सिलिंडरांचे व दोन टर्बोचार्जरचे एंजिन होते. घोषित शक्ती तिन्ही वेळा मिनिटाला ६,८०० फेऱ्यांस २८० हीच राहिली. परंतु ४,४०० फेऱ्यांवरील घोषित परिबल मात्र ३६, ३७.५ व ४० किग्रॅ.-मीटर असे वाढत गेले. ६,८०० फेऱ्यांस २८० अश्वशक्ती मिळण्यास सु. २९.५ किग्रॅ.-मीटर परिबल पुरते. म्हणजे माहितीपत्रक खरे मानल्यास तिसऱ्या आवृत्तीच्या एंजिनाचे परिबल चढत्या फेऱ्यांबरोबर एक चतुर्थांशाहून अधिक कोसळते, असे म्हणावे लागेल. शक्तिमापक जवळ नसलेल्या वाचकालाही केवळ गणिताने संशय येण्यासारखी ही विसंगती होती. कारखान्याच्या स्थितीतील गाड्या रुळांवर चढविल्या गेल्या, तेव्हा एंजिनाची अनुमानित शक्ती ३०० च्या वर असल्याचे वारंवार आढळले. अशा रीतीने सुरक्षिततेसाठी घातलेल्या मर्यादेने गाड्यांचे सामर्थ्य रोखले गेले नाही. ग्राहक, विमा कंपन्या व शासन यांना मिळणारी माहिती तेवढी अपुरी राहिली. हा संकेत २००४ मध्ये सोडून देण्यात आला आणि त्याच वर्षी ३०० अश्वशक्तीची ‘होंडा लेजंड’ ही गाडी बाजारात आली.

वाढीव दावे व त्यांचे परिणाम : याच्या उलट प्रकारची प्रकरणे अमेरिकेत घडली. ‘फोर्ड मस्टँग कोब्रा’ या टर्बोचार्जर नसलेल्या गाडीची शक्ती १९९९ मध्ये ३२० अश्वशक्ती घोषित झाली होती. मालकांनी व नियतकालिकांनी घेतलेल्या चाचण्यांत ती कमी भरली. उत्पादकाने विक्री थांबविली व विकलेल्या गाड्या परत बोलावून हवेच्या व निष्कासाच्या मार्गांत दुरुस्ती करून दिली. ‘माझ्दा’ उत्पादकांनी २००१ मध्ये आपल्या ‘एमएक्स-५’ या गाडीचा १५५ हा आकडा १४२ वर आणला व नाराज ग्राहकांकडून गाड्या परत विकत घेण्याची तयारी दाखविली.

या घटनांनंतर अमेरिकी मोटार अभियंत्यांच्या संस्थेने २००४–०५ मध्ये चाचणीचे नियम अधिक काटेकोर केले. स्वतंत्र साक्षीदाराच्या उपस्थितीत घेतलेल्या चाचणीतून मिळालेल्या आकड्यालाच ‘प्रमाणित’ म्हणता येईल, अशी तरतूद त्यांत झाली. ही पद्धत ऐच्छिक होती. तिच्यामुळे सर्वच आकडे खाली आले असे नाही. २००६ च्या ‘कॉर्व्हेट झेड०६’ या गाडीचे एंजिन अपेक्षित ५०० ऐवजी ५०५ अश्वशक्तीचे ठरले. उलट, टोयोटाच्या ‘कॅम्री’ गाडीच्या तीन लिटर एंजिनाचा आकडा २१० वरून १९० झाला. तसेच जपानी संकेत प्रथम ओलांडणाऱ्या ‘लेजंड’ गाडीची अमेरिकेतील आवृत्ती ३०० वरून २९० वर आली. एंजिने तीच होती. नियमांतील पळवाटा तेवढ्या बुजल्या होत्या. यूरोपीय नियमांत नमुना-मान्यतेच्या वेळी कमाल शक्तीत २ टक्के व पुढील उत्पादनात ५ टक्के इतकी तफावत दोन्ही बाजूंनी ग्राह्य धरतात. त्यामुळे स्वतंत्र चाचणीत एवढा फरक आढळल्यास तो लबाडीचा पुरावा होत नाही.

संगणकाचा प्रश्न : एंजिन संगणकाच्या स्वाधीन झाल्यावर ‘कारखान्याच्या स्थितीतील गाडी’ या शब्दांचा अर्थच संदिग्ध बनला. ‘फोक्सवॅगन’ने २०१५ मध्ये असे मान्य केले की, तिच्या टर्बोचार्जर असलेल्या डीझेल गाड्यांतील आज्ञावली गाडी चाचणीच्या रुळांवर आहे हे ओळखून तेवढ्यापुरते निष्कास वायूंतील प्रदूषण कमी करीत असे. हा प्रकार उजेडात येण्यास वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रत्यक्ष रस्त्यावर घेतलेली स्वतंत्र मापने कारणीभूत झाली. जपानमधील ‘टोयोटा इंडस्ट्रीज’ने जानेवारी २०२४ मध्ये असे जाहीर केले की, मोटारींच्या तीन डीझेल एंजिनांच्या शक्तीची प्रमाणन चाचणी घेताना, विक्रीच्या गाड्यांत असते त्याहून वेगळी आज्ञावली असलेले नियंत्रक वापरले गेले होते. त्यामुळे मापनातील चढउतार कमी दिसत. विक्रीच्या एंजिनांची फेरतपासणी केली असता ती ठरलेल्या शक्तीची आढळली, असे टोयोटाने सांगितले. तरीही काही नमुन्यांची रवानगी थांबवावी लागली. भारतात ‘इनोव्हा क्रिस्टा’, ‘फॉर्च्युनर’ व ‘हायलक्स’ या गाड्यांची रवानगी तात्पुरती स्थगित झाली होती.

भारतातील व्यवस्था : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार नव्या नमुन्याची गाडी विक्रीस येण्यापूर्वी शासनमान्य संस्थेकडून तपासून घ्यावी लागते. एंजिनाची निव्वळ शक्ती मोजणे हा या तपासणीचा भाग आहे. या संस्थांपैकी ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था पुणे येथे आहे, तर संरक्षण मंत्रालयाची वाहन संशोधन संस्था अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे आहे. तपासणीस येणारा नमुना उत्पादकाने सादर केलेला असतो. उत्पादनातील गाड्या त्या नमुन्यास जुळतात की नाही हे पाहण्याची तरतूदही नियमांत आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध दाद मागण्याची सोय आहे. मात्र तक्रारदारापाशी केवळ एका कार्यशाळेतील आलेख असून भागत नाही. त्यामागील मापनाची रीत पडताळून पाहता आली पाहिजे.

अशा रीतीने गेल्या दोनशे वर्षांत शक्तिमापकाची अचूकता पुष्कळ वाढली; परंतु वॉट यांच्या काळातील मूळ प्रश्न तसाच राहिला आहे. विकणारा जे सांगतो ते विकत घेणाऱ्याला तपासता येते का, हा तो प्रश्न होय. शक्तीचा आकडा व तो मोजण्याची रीत यांची फारकत झाली की, तो आकडा कोणत्याही बाजूला सरकू शकतो. स्वतंत्र मापनाचे मूल्य ते उत्पादकाला खोटे पाडते यात नसून, तीच गाडी, त्याच रीतीने, दुसऱ्या कोणालाही पुन्हा मोजता येते यात आहे.